गोड-आंबट वराहमांस (कँटनी)

गोड-आंबट वराहमांस (कँटनी) : दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांताचा प्रसिद्ध मांसाहारी पदार्थ. कँटनी बोलीत ‘गूलोयूक’ आणि प्रमाण चिनीत ‘गूलाओरो’ या नावांनी तो ओळखला जातो. डुकराच्या मांसाचे हाडविरहित तुकडे स्टार्चमध्ये घोळवून तळतात आणि साखर-व्हिनेगरच्या दाट, चकचकीत सॉसमध्ये ढोबळी मिरची, कांदा व अननसासह क्षणभर परततात. वरचा थर कुरकुरीत राहून त्यावर सॉसचा फक्त पातळ लेप बसणे ही त्याची खरी कसोटी मानतात.

उगम : याविषयी एकमत नाही. सर्वांत प्रचलित मत कँटन (ग्वांगजौ) बंदराशी जोडलेले आहे. १७५७ पासून पहिल्या अफू युद्धाच्या अखेरीस, १८४२ मध्ये, नानकिंगचा तह होईपर्यंत पाश्चात्त्यांचा चीनशी सागरी व्यापार जवळजवळ पूर्णपणे या एकाच बंदरातून चाले. तेथील परदेशी व्यापाऱ्यांना ‘थांगत्सू पाइगू’ म्हणजे गोड-आंबट बरगड्या आवडत. पण तोंडातून हाडे काढून टाकण्याची त्यांना सवय नव्हती, म्हणून आचाऱ्यांनी हाडे काढून तोच पदार्थ रूढ केला, असे सांगतात. या मतानुसार पदार्थाचा काळ साधारणपणे अठराव्या शतकाचा उत्तरार्ध ते एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध असा येतो.

ही कथा जशी सांगितली जाते तिच्यात आचारी, खाणावळ किंवा निश्चित वर्ष सहसा नसते. शिवाय हाडे किंवा काटे काढून तळणे आणि गोड-आंबट रसात बुडवणे हे तंत्र चीनमध्ये परदेशी पाहुण्यांवर अवलंबून नव्हते. सूजौ शहराचा, खार या प्राण्याच्या आकारात कापलेला मासा काटे काढूनच तळतात. जीनानचा पीत नदीतील कार्प मासा आणि पूर्व व उत्तर चीनमधील ‘थांगत्सू लीजी’ (पाठीच्या कोवळ्या मांसाच्या पट्ट्या) हेही याच कुळातले. व्हिनेगरची परंपरा तर फार जुनी. जिया सिशिए या लेखकाच्या सहाव्या शतकातील छीमिन याओशू या कृषिग्रंथात व्हिनेगर करण्याच्या अनेक रीती दिल्या आहेत. त्यामुळे मूळ पदार्थ स्थानिक बरगड्यांचाच असावा आणि बंदरातील मागणीने त्याच्या हाडविरहित रूपाला चालना दिली असावी, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

तुलनेसाठी ईशान्य चीनमधील हार्बिन शहराचा ‘ग्वोबाओरो’ हा डुकराच्या मांसाचाच तळलेला पदार्थ पाहता येईल. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील दाओताई या हुद्द्याच्या अधिकाऱ्याचा आचारी जेंग शिंगवेन याने रशियन पाहुण्यांसाठी मूळ खारट पदार्थ गोड-आंबट केला, अशी परंपरा आहे. चीनच्या दोन टोकांना जवळजवळ सारखीच कथा सांगितली जाते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

सॉसचे थर : कालनिश्चितीसाठी कथेपेक्षा घटकच अधिक उपयोगी पडतात. अननस, ढोबळी मिरची आणि टोमॅटो ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातील. ती सोळाव्या शतकाच्या आधी चीनमध्ये असणे शक्य नाही. १५५७ च्या सुमारास पोर्तुगीज मकावमध्ये स्थिरावले आणि दक्षिण चीनमध्ये अननस त्यांच्याच मार्गाने पोहोचला असावा. टोमॅटो केचप त्याहून पुष्कळ उशिराचा. कँटन-हाँगकाँगच्या स्वयंपाकघरांत तो साधारणपणे विसाव्या शतकात रुळला असावा. त्यापूर्वी आंबटपणा व लालसर रंग तांदळाचे व्हिनेगर, खारवलेली आंबट आलुबुखारे आणि शानजा नावाची लहान लाल फळे यांपासून मिळे, तर गोडी वड्यांच्या तांबूस साखरेपासून. हाँगकाँगच्या जुन्या वळणाच्या उपाहारगृहांत शानजा अजूनही वापरतात. काही आचारी वूस्टर सॉसही घालतात. भडक लाल रंग हीच या पदार्थाची ओळख असा समज सर्वत्र पसरला असला, तरी तो रंग पदार्थाच्या इतिहासातील अगदी वरचा थर आहे.

घरगुती कृती : मांस खांद्याकडचे, थोडी चरबी असलेले घेतात, निव्वळ चरबीविरहित मांस दुसऱ्या तळणीत चामट होते. अर्धा किलो मांसाचे सुमारे अडीच सेंटिमीटरचे तुकडे करून सुरीच्या पाठीने हलके ठेचतात आणि मीठ, सोया सॉस, तांदळाची दारू व पांढरी मिरपूड लावून अर्धा तास मुरवतात. नंतर अंड्याचा बलक चोळून तुकडे कॉर्नफ्लोअर किंवा बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळवतात. मैदा टाळण्यामागे कारण आहे : त्यातील ग्लुटेनमुळे थर चिवट होतो आणि लवकर मऊ पडतो. घोळवलेले तुकडे पाचेक मिनिटे तसेच ठेवले की कोरडे पीठ ओलसर होऊन मांसाला चिकटते व तेलात सुटत नाही.

तळण दोनदा करतात. पहिल्यांदा सुमारे १६० ते १७० अंश सेल्सिअस तापमानाच्या तेलात तीन-चार मिनिटे. यात मांस शिजते. बाहेर काढल्यावर आतली वाफ थराकडे सरकते आणि तो नरम पडतो. मग तेल १९० अंशांच्या आसपास तापवून अर्धा-पाऊण मिनिट पुन्हा तळले की हा ओलावा उडून जातो व थर टिकाऊ कुरकुरीत होतो. घरच्या शेगडीची आंच उपाहारगृहातील भट्टीपेक्षा कितीतरी मंद असते, म्हणून एका वेळी थोडेच तुकडे सोडावेत. कढई भरली की तेल थंडावते आणि तुकडे तळण्याऐवजी तेल पितात. उष्णतामापक नसल्यास लाकडी काडी तेलात बुडवून तिच्याभोवती येणाऱ्या बुडबुड्यांवरून अंदाज घेतात. पहिल्या तळणीनंतर एक तुकडा कापून पाहणे आवश्यक आहे. डुकराचे मांस आत कच्चे राहिल्यास त्यातून कृमींचा संसर्ग होऊ शकतो.

सॉसच्या प्रमाणाबद्दल चिनी घरांत ‘एक-दोन-तीन-चार-पाच’ असा बरगड्यांसाठीचा संकेत सांगितला जातो : एक चमचा दारू, दोन सोया सॉस, तीन साखर, चार व्हिनेगर, पाच पाणी. साखर व व्हिनेगर यांची जागा मात्र घरोघरी बदलते. कँटनी पदार्थात सोया सॉस नाममात्र ठेवून अर्धा किलो मांसाला चार मोठे चमचे साखर, तितकेच तांदळाचे व्हिनेगर आणि तीन चमचे केचप हे प्रमाण चांगले जमते. व्हिनेगर फार वेळ उकळल्यास त्याचा तिखट वास उडून चव बोथट होते, म्हणून थोडे शेवटी घालण्यासाठी राखून ठेवतात. पाण्यात कालवलेले कॉर्नफ्लोअरही शेवटीच घालावे. आम्लात दीर्घकाळ उकळलेल्या स्टार्चचा दाटपणा मोडतो. अननस मुरवणात कधीच घालू नये. ताज्या फळातील ब्रोमेलिन हे विकर प्रथिनांचे विघटन करते आणि मांस पिठूळ होते. डबाबंद अननस उष्णतेने प्रक्रिया केलेला असल्याने त्यात हा गुण उरत नाही. सॉस बुडबुडू लागला की भाज्या, अननस व तळलेले तुकडे एकदम टाकून काही सेकंदांत कढई उतरवतात.

प्रसार : १८४९ नंतर कॅलिफोर्नियातील सोन्याच्या ओढीने गेलेले चिनी स्थलांतरित बहुतांशी क्वांगतुंगचे होते, पुढे पाश्चात्त्य देशांत चिनी जेवण म्हणजे कँटनी जेवण असे जे समीकरण झाले, त्याचे हे एक कारण. ब्रिटनमध्ये जाड पिठातले गोळे आणि वेगळा सॉस असे त्याचे रूपांतर झाले. जपानमधील ‘सुबुता’ याच वळणाचा आहे. कोरियातील ‘थांगसुयुक’ मात्र शानतुंगहून इंचॉनमध्ये आलेल्या चिनी लोकांचा, म्हणजे वेगळ्या शाखेचा; त्यावर सॉस ओतावा की तुकडे सॉसमध्ये बुडवून खावेत हा तेथे आवडीचा वाद आहे.

क्वांगतुंगचे लोक मुंबईतही आले : माझगाव येथील सी यूप मंदिर त्या प्रांतातील चार तालुक्यांच्या स्थलांतरितांचे आहे. महाराष्ट्रातील उपाहारगृहांत हा पदार्थ प्रामुख्याने कोंबडीच्या मांसाचा मिळतो. गोव्यात डुकराचे मांस आणि माडाच्या सुरेपासून केलेले व्हिनेगर दोन्ही घरगुती वापरातली आहेत. तांदळाच्या व्हिनेगरऐवजी ते चालते. मात्र त्याचा आंबटपणा घरोघरी वेगळा असल्याने साखर आधी मोजून न घालता चव पाहत वाढवावी लागते.