हॅरिमन राज्य उद्यानातील वनवाटा

हॅरिमन राज्य उद्यान (स्टेट पार्क) : अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील एक विस्तीर्ण वनक्षेत्र. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस सुमारे ५० किमी. अंतरावर, रॉकलंड व ऑरेंज या काउंट्यांमध्ये ते पसरलेले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १९० चौ. किमी. आहे. आकारमानाने ते अ‍ॅलेगनी राज्य उद्यानाखालोखाल राज्यात दुसरे आहे. उद्यानात तीसच्या आसपास तळी व जलाशय असून खुणा केलेल्या पायवाटांची एकूण लांबी ३२० किमी.हून अधिक भरते. राष्ट्रीय उद्याने केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतात, राज्य उद्याने त्या त्या राज्याच्या. हॅरिमनचा कारभार मात्र न्यूयॉर्क व न्यू जर्सी या दोन राज्यांच्या संयुक्त पॅलिसेड्स इंटरस्टेट पार्क आयोगाकडे आहे. हडसन नदीकाठचे उंच कडे दगडखाणींसाठी फोडले जात होते, ते थांबवण्यासाठी १९०० मध्ये हा आयोग स्थापन झाला.

सकाळी शहरातून निघून तीन ते सहा तास जंगलात चालावे आणि संध्याकाळी घरी परतावे, अशा एकदिवसीय भ्रमंतीसाठी हे उद्यान विशेष ओळखले जाते. येथील डोंगर उंच नाहीत. बहुतेक माथे समुद्रसपाटीपासून ३०० ते ४०० मीटरच्या दरम्यान आहेत. मात्र वाटा सतत चढत-उतरत जातात आणि पायाखाली माती कमी, दगड जास्त असतो, त्यामुळे नकाशावर किरकोळ दिसणारे अंतर प्रत्यक्षात बराच वेळ खाते. हा खडक नाइस (प्रचंड उष्णता व दाबाने रूपांतरित झालेला खडक) प्रकारचा असून त्याचे वय शंभर कोटी वर्षांहून जास्त आहे. हिमयुगात येथून सरकत गेलेल्या बर्फाच्या थरांनी माथे घासून गुळगुळीत केले, त्यांवर ओरखडे उमटवले आणि वितळताना दूरवरून वाहून आणलेले प्रचंड धोंडे उघड्या कातळावर सोडून दिले. असे एकांडे धोंडे येथे वाटेत पदोपदी भेटतात.

नवख्या माणसाला हे जंगल आदिम वाटते, परंतु तसे ते मुळीच नाही. रामापो परिसरातील लेनापे या मूळनिवासी लोकांच्या या भूमीत अठराव्या शतकात युरोपीय वसाहतवाले लोखंडाच्या शोधात आले. पीटर हासेनक्लेव्हर या जर्मन उद्योजकाच्या नावाची खाण आजही उद्यानात दाखवली जाते. खनिज वितळवण्यासाठी भट्ट्यांना लाकडी कोळसा लागे आणि त्या कोळशासाठी डोंगरच्या डोंगर पुन्हा पुन्हा तोडले गेले. उद्यानालगतच्या आर्डन येथील पॅरट कुटुंबाच्या ग्रीनवुड भट्टीतील लोखंड अमेरिकन यादवी युद्धात पॅरट नावाच्या तोफांसाठी वापरले गेले. पुढे पश्चिमेकडील मोठ्या व स्वस्त खाणींपुढे येथील उद्योग टिकला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाणी ओस पडल्या, खाणकामगारांच्या वस्त्या उठल्या आणि तोडलेल्या डोंगरांवर ओक, हिकरी व मॅपल पुन्हा उगवले. आज जी झाडी दिसते ती प्रामुख्याने ही दुसऱ्या पिढीची झाडी होय. वाटेवर अकारण रुंद व सपाट वाटणारा पट्टा लागला, तर तो बहुधा खाणीकडे जाणारा जुना गाडीरस्ता असतो. पाण्याने भरलेले चौकोनी विवर, टाकाऊ दगडांचे ढीग, मोडकळीस आलेले पाये अशा खुणा लक्षपूर्वक चालणाऱ्याला जागोजागी सापडतात.

उद्यानाच्या जन्मामागे एक तुरुंग आहे. ऑसिनिंग येथील सिंग सिंग कारागृह हडसनकाठच्या बेअर माउंटनपाशी हलवण्याचा राज्याचा बेत होता आणि १९०९ मध्ये कैद्यांकडून जागा साफ करून घेण्याचे काम सुरूही झाले होते. युनियन पॅसिफिक रेल्वेचे प्रमुख एडवर्ड हेन्री हॅरिमन यांनी १८८६ मध्ये आर्डनची पॅरट कुटुंबाची जमीन विकत घेतली होती व पुढे ती बरीच वाढवली होती. त्यांच्या निधनानंतर पत्नी मेरी हॅरिमन यांनी सुमारे १०,००० एकर जमीन व दहा लाख डॉलर राज्याला देऊ केले. त्यासाठी तुरुंगाची योजना रद्द करून तेथे लोकांसाठी उद्यान करावे, अशी त्यांची अट होती. १९१० मध्ये हे दान स्वीकारण्यात आले. हस्तांतराचा कागद सुपूर्द करणारा त्यांचा मुलगा अ‍ॅव्हरेल तेव्हा जेमतेम १८ वर्षांचा होता. पुढे तो न्यूयॉर्कचा गव्हर्नर झाला.

उद्यानाला आजचे रूप दिले ते मुख्य अभियंता मेजर विल्यम वेल्च यांनी. दलदलीच्या सखल जागी बांध घालून त्यांच्या काळात अनेक तळी निर्माण करण्यात आली, ती जोडणारे रस्ते बांधण्यात आले आणि शहरातील मुलांसाठी तळ्यांकाठी उन्हाळी शिबिरे उभी राहिली. पाइन मेडो तळ्यासारखी काही कामे १९३० च्या दशकातील मंदीच्या काळात बेरोजगार तरुणांच्या सरकारी पथकांनी केली. म्हणजे ज्या तळ्याकाठी चालणारा शांतपणे डबा उघडून बसतो, ते तळेही बहुधा माणसाने केलेले असते. आयलंड पाँडसारखी हिमयुगाने घडवलेली नैसर्गिक तळी त्यामानाने थोडी आहेत.

पायवाटांचे श्रेय मात्र सरकारपेक्षा स्वयंसेवकांना अधिक जाते. न्यूयॉर्क-न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्स ही पदभ्रमण मंडळांची संघटना १९२० मध्ये वेल्च यांच्या पुढाकाराने सुरू झाली आणि तिच्या सदस्यांनी टक्सीडोपासून हडसनकाठच्या जोन्स पॉइंटपर्यंत रामापो-डंडरबर्ग ही वाट आखली. अमेरिकेच्या पूर्व भागातील सुमारे ३,५०० किमी. लांबीच्या अ‍ॅपलेशियन वाटेचा पहिला टप्पाही याच जंगलात, बेअर माउंटन ते आर्डन असा, ७ ऑक्टोबर १९२३ रोजी खुला झाला. या चळवळीतील अग्रणी पत्रकार रेमंड टॉरी यांचे १९३८ मध्ये निधन झाल्यावर त्यांच्या अस्थी लाँग माउंटनच्या माथ्यावर विखुरण्यात आल्या. तेथील कातळात कोरलेले त्यांचे स्मारक हे आजही अर्ध्या दिवसाच्या सोप्या चालीचे चांगले गंतव्य आहे. आजही वाटेचा एकेक तुकडा एकेका स्वयंसेवकाकडे सोपवलेला असतो. पडलेली झाडे हटवणे, पाण्याला चर काढून देणे, झुडपे छाटणे व खुणा ताज्या ठेवणे ही कामे तो विनामोबदला करतो.

या खुणांची पद्धत समजून घेतल्याशिवाय येथे चालणे अवघड आहे. प्रत्येक वाटेला ठरावीक रंग व आकार असतो व ती खूण झाडाच्या खोडावर किंवा कातळावर डोळ्यांच्या उंचीवर रंगवलेली वा ठोकलेली असते. अ‍ॅपलेशियन वाटेची खूण पांढरा उभा आयत, रामापो-डंडरबर्गची पांढऱ्यावर तांबडा ठिपका आणि आर्डन-शुअरब्रिजची पांढऱ्यावर तांबडा त्रिकोण आहे. एकावर एक दोन खुणा दिसल्या की वळण आले असे समजावे. वरची खूण ज्या बाजूला सरकलेली असेल त्या बाजूला वळायचे. तीन खुणांचा पुंजका वाटेचा आरंभ किंवा शेवट दाखवतो. वाटा एकमेकींना वारंवार छेदत असल्यामुळे एका वाटेने जाऊन दुसरीने परतणारी लहान-मोठी वर्तुळे जुळवता येतात, आणि हेच या उद्यानाचे खरे वैभव आहे. तीन वाटा जेथे एकत्र येतात त्या दाट जंगलातील एका धोंड्यापाशीच्या जागेला न्यूयॉर्कमधील गजबजलेल्या चौकावरून ‘टाइम्स स्क्वेअर’ असे नाव पडले आहे. ज्या गजबजाटापासून पळून यायचे त्याचेच नाव तेथे देण्याची ही खोडी न्यूयॉर्ककरांनाच सुचू जाणे.

सर्वांत गर्दीची सुरुवात स्लोट्सबर्गजवळच्या रीव्ह्ज मेडो माहिती केंद्रापासून होते. तेथून ओढ्याकाठाने पाइन मेडो तळ्याकडे जाणारी वाट सुंदर आहे, पण उन्हाळ्यातील व ऑक्टोबरमधील शनिवार-रविवारी तेथील वाहनतळ सकाळीच भरतो आणि शांततेच्या शोधात आलेल्याची निराशा होते. त्यापेक्षा स्कॅनाटाटी तळ्यापासून निघणारी फेरी सरस म्हणावी लागेल : तांबड्या त्रिकोणांच्या मागे पाइन स्वॅम्प डोंगर चढून पाइन स्वॅम्प खाणीपाशी यावे, तेथून पिवळ्या खुणांच्या डनिंग वाटेने होगेनकॅम्प खाणीच्या परिसरात जावे आणि लाँग पाथ या वाटेच्या निळसर-हिरव्या खुणांनी तळ्यावर परतावे. दोन खाणी, एक चढ, एक दलदल आणि बराचसा एकांत अर्ध्या दिवसात पदरी पडतो. आर्डनकडील एल्क पेन वाहनतळावरून निघाल्यास अ‍ॅपलेशियन वाटेने चढून आयलंड पाँड व त्यापुढील ‘लेमन स्क्वीझर’ गाठता येते. ही दोन कातळांमधली अरुंद चीर असून तीतून अंग चोरूनच जावे लागते. पाठीवरची पिशवी बऱ्याचदा आधी पुढे ढकलावी लागते. ज्यांना हे नको त्यांच्यासाठी बाजूने सोपी वाट आहे. मोटार नसलेल्यांना होबोकेनहून येणाऱ्या रेल्वेने टक्सीडो स्थानकावर उतरून जंगलात शिरता येते, ही सोय अमेरिकेत दुर्मीळ आहे.

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हे जंगल मोटारीने तासाभराच्या आसपास गाठता येते. सह्याद्रीत वाढलेल्यांना एका बाबतीत सवय बदलावी लागते : येथे पायथ्याच्या गावात चहा मिळत नाही आणि माथ्यावर पाण्याचे टाके नसते. पिण्याचे पाणी सोबत न्यावे लागते, कारण तळ्याचे किंवा ओढ्याचे पाणी शुद्ध केल्याशिवाय पिण्याजोगे नसते. भ्रमणध्वनीला अनेक दऱ्यांत संकेत मिळत नाही, म्हणून कागदी नकाशा जवळ असणे इष्ट.

ऋतुमानानुसार या वाटांचे रूप पालटते. पाने फुटण्यापूर्वीच्या एप्रिलमध्ये दूरवरचे दिसते आणि ओढे भरलेले असतात. जूनमध्ये माउंटन लॉरेलच्या झुडपांवर पांढऱ्या-गुलाबी फुलांचे घोस येतात. जुलैत उघड्या माथ्यांवर रानटी ब्लूबेरी पिकते. ऑक्टोबरच्या मध्यापासून ओक व मॅपल रंगतात आणि ब्लॅक माउंटनसारख्या माथ्यावरून निरभ्र दिवशी हडसनच्या पलीकडे क्षितिजावर न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती दिसतात. एके काळी या जंगलात विपुल असलेला अमेरिकन चेस्टनट विसाव्या शतकाच्या आरंभी पसरलेल्या बुरशीजन्य रोगाने मोठा वृक्ष म्हणून नाहीसा झाला. जुन्या मुळांतून त्याचे कोवळे धुमारे अजून फुटतात, परंतु वाढण्यापूर्वीच मरतात. सावली धरणाऱ्या हेमलॉक या सूचिपर्णी वृक्षावरही आशियातून आलेल्या कीटकाचे संकट आहे.

काळ्या अस्वलांची भीती पुष्कळांना वाटते, पण अन्न उघड्यावर न ठेवल्यास त्यांचा उपद्रव सहसा होत नाही. उन्हात तापलेल्या कातळांवर शेपटीचा खुळखुळा वाजवणारा रॅटलस्नेक आढळतो. त्याला राज्यात कायद्याचे संरक्षण असून हात टेकण्यापूर्वी जागा पाहणे एवढी दक्षता पुरते. खरा धोका आहे तो खसखशीएवढ्या गोचिडीचा. हरणांवर पोसणाऱ्या या गोचिडीच्या चाव्यातून लाइम रोग हा जिवाणूजन्य आजार होतो, म्हणून उंच गवतातून जाणे टाळावे, विजार मोज्यांत खोचावी आणि घरी आल्यावर सर्व अंग तपासावे. गोचीड लवकर काढली तर संसर्गाची शक्यता बरीच कमी होते.

अलीकडच्या काळात हवामानाचा फटका या वाटांना बसू लागला आहे. ९ जुलै २०२३ रोजी झालेल्या अतिवृष्टीने उद्यानातील रस्ते, पूल व अनेक पायवाटा वाहून गेल्या आणि काही भाग दीर्घकाळ बंद ठेवावे लागले. याउलट २०२४ ची शरद ऋतू इतकी कोरडी गेली की नोव्हेंबरमध्ये शेजारच्या स्टर्लिंग फॉरेस्ट राज्य उद्यानाच्या परिसरात मोठा वणवा पेटला व तो विझवताना उद्यान विभागाच्या एका तरुण कर्मचाऱ्याला प्राण गमवावे लागले. निघण्यापूर्वी बंद वाटांची व आगीच्या निर्बंधांची ताजी सूचना पाहणे त्यामुळे आवश्यक ठरते.