रुग्णवाहिका मृतदेह का नेत नाही? : पार्श्वभूमी

घटनास्थळी आलेल्या रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांनी व्यक्ती मृत असल्याचे सांगावे आणि देह न उचलताच निघून जावे, याचा नातेवाइकांना राग येतो आणि तो समजण्यासारखाही आहे. रुग्णवाहिका जिवंतांसाठी आणि शववाहिका मृतांसाठी ही आज सर्वमान्य वाटणारी विभागणी मात्र फार जुनी नाही. ती ठरण्याआधी एक अवघड प्रश्न सुटावा लागला, तो म्हणजे माणूस मेला आहे हे कोणी आणि कशावरून ठरवायचे.

अठराव्या शतकात युरोपात हा प्रश्न भीतीचाच विषय होता. बुडालेल्यांना वाचवण्यासाठी १७६७ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये आणि १७७४ मध्ये लंडनमध्ये संस्था स्थापन झाल्या, आणि निष्प्राण दिसणारा माणूस प्रयत्नांनी शुद्धीवर येऊ शकतो हे लोकांना पटू लागले. त्याची दुसरी बाजू अशी, की आपण जिवंतपणीच पुरले जाऊ या धास्तीने जर्मन शहरांत खास शवगृहे उभी राहिली, जिथे मृतांच्या बोटांना दोरी बांधून ती घंटेला जोडत आणि देह कुजू लागेपर्यंत पहारा ठेवत. १८१६ मध्ये रेने लेनेक यांनी स्टेथोस्कोप शोधला आणि १८४० च्या दशकात यूजेन बूशू यांनी हृदयाचे ठोके थांबणे हेच मृत्यूचे भरवशाचे लक्षण मानावे, असे मांडले, तेव्हा कुठे ही धास्ती ओसरू लागली.

वाहनाचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. १७९२ मध्ये फ्रेंच सैन्यातील शल्यचिकित्सक दोमिनिक-ज्याँ लारे यांनी, लढाई संपेपर्यंत जखमींनी मैदानात पडून राहू नये म्हणून, घोड्यांच्या हलक्या, वेगवान गाड्यांची कल्पना मांडली. १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाने शहरी रुग्णवाहिका सेवा सुरू केली. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अमेरिकेत जिवंत आणि मृत अनेकदा एकाच गाडीतून जात, कारण आडवे निजवून नेता येईल एवढी लांब गाडी गावात बहुधा अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्यांकडेच असे. १९६६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने नोंदवले, की देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा अशा १२,००० व्यावसायिकांकडून चालते. आपल्याला न्यायला आलेली गाडी नेमक्या कोणत्या कामासाठी आली आहे, हे रुग्णाने न विचारलेलेच बरे!

त्याच दशकात चित्र पालटले. छाती दाबून हृदयक्रिया चालू ठेवण्याची पद्धत १९६० मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६६ मध्ये बेलफास्टमध्ये फ्रँक पँट्रिज यांनी विजेचा झटका देणारे यंत्रच रुग्णवाहिकेत बसवले. उपचार रुग्णाच्या दाराशी पोहोचले, तसा ते कधी थांबवायचे हा निर्णयही तिथेच घ्यावा लागू लागला. सुरुवातीला प्रत्येकाला छाती दाबत रुग्णालयात नेले जाई, पण धावत्या गाडीत हे काम नीट होत नाही आणि कर्मचाऱ्यांचा जीवही धोक्यात येतो, हे अनुभवाने कळले. २००६ मध्ये कॅनडातील संशोधकांनी जीव वाचवण्याचे मूलभूत उपचारच देणाऱ्या रुग्णवाहिका पथकांसाठी तीन अटींचा नियम तपासून प्रसिद्ध केला: हृदय पथकासमोर बंद पडलेले नसणे, झटका द्यावा लागलेला नसणे आणि नाडी एकदाही परत आलेली नसणे. तिन्ही अटी लागू असतील तर घटनास्थळीच प्रयत्न थांबवण्याचा विचार करता येतो.

काही लक्षणे दिसली तर प्रयत्न सुरूच केले जात नाहीत. देह ताठरणे, खालच्या बाजूला रक्त साकळून त्वचा जांभळी पडणे, कुजणे आणि जगणे अशक्य व्हावे अशी इजा ही त्यांतली मुख्य. गारठलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र घाई करायची नाही, कारण १९९९ मध्ये नॉर्वेत बर्फाखाली अडकलेली एक स्त्री शरीराचे तापमान १३.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरूनही वाचली.

अनेक देशांत पथकाला मृत्यू ओळखण्याचा अधिकार असतो, मृत्यूचे कारण ठरवण्याचा नसतो. त्यामुळे मृत्यू संशयास्पद, अपघाती किंवा अनपेक्षित असेल तर देह हलवत नाहीत. श्वासनलिकेतली नळी, शिरेतली सुई आणि झटका देण्यासाठी छातीवर चिकटवलेले पॅड जागच्या जागी ठेवतात, नाहीतर शवविच्छेदन करणाऱ्याला कोणती खूण उपचाराची आणि कोणती इजेची हे कळत नाही. कपडे कापावे लागले तर गोळीचे किंवा सुरीचे छिद्र टाळून कापतात. हृदयाचा आलेख (ईसीजी) काढून त्यावर वेळ लिहितात, कशाकशाला हात लावला हे नोंदवतात आणि पोलीस येईपर्यंत थांबतात. रस्त्यावर किंवा गर्दीत देह पडलेला असेल आणि आडोसा करता येत नसेल, तर कधी तो गाडीत घेतला जातो, पण तितका वेळ ती गाडी दुसऱ्या रुग्णासाठी बंद होते.

तपासाची गरज नसेल तर देह उताणा ठेवतात, डोके किंचित उंच करतात म्हणजे चेहऱ्यात रक्त साकळून तो काळवंडत नाही, पापण्या मिटवतात आणि स्वच्छ चादर ओढतात. नातेवाइकांना पाहायचे असेल तर चेहरा उघडा ठेवतात आणि जमिनीवर विखुरलेली वेष्टने, हातमोजे उचलून घेतात. त्यानंतर शववाहिकेला बोलावले जाते.