अंगठीची किंमत आणि संसाराचं आयुष्य

वधूवरसूचक मंडळाच्या फॉर्मवर ‘अपेक्षा’ असा एक रकाना असतो. त्यात बहुतेक जण ‘अनुरूप’ लिहून मोकळे होतात, आणि समोरचं स्थळ पाहताना नजर आधी जाते ‘वार्षिक उत्पन्ना’वर. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस यांनी ३७ समाजांतल्या दहा हजारांवर लोकांना जोडीदारात काय हवं ते विचारलं होतं. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत भारतही होता. समोरच्याच्या कमाईला मुलींनी मुलांपेक्षा जास्त महत्त्व दिलं, पण एकमेकांची ओढ आणि भरवशाचा स्वभाव यांना दोघांनीही कमाईच्या वरच ठेवलं.

फॉर्मवर लिहिणं वेगळं, भाळणं वेगळं. अमेरिकेतल्या ईस्टविक आणि फिंकेल या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना ओळीने अनेक अनोळखी मुलामुलींशी चार-चार मिनिटं बोलायला बसवलं. ‘कमावणारा हवा’ असं आधी बजावून सांगणारे प्रत्यक्षात कमावणाऱ्याकडेच जास्त ओढले गेले, असं काही दिसलं नाही.

म्हणजे पैशाचा संबंधच नाही? आहे, पण पैसा नसतो तेव्हा जास्त. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. उसाचं बिल हातात येण्याआधी आणि आल्यावर, त्याच माणसांना आकृत्यांची कोडी घातली. आधी ओढाताण असताना त्यांना ती कमी सुटली, नंतर जास्त. माणूस तोच, डोकं मात्र उधारीच्या हिशेबात अडकलेलं. अभ्यास प्रेमाचा नव्हता, हे खरं. पण असं अडकलेलं डोकं घेऊन घरी आलेला माणूस बायकोचं बोलणं किती ऐकत असेल?

आता पैसा उधळण्याची बाजू. फ्रान्सिस आणि मियालोन या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हजारांवर विवाहितांना आणि घटस्फोटितांना साखरपुड्याच्या अंगठीचा आणि लग्नाचा खर्च विचारला. ५०० ते २,००० डॉलरची अंगठी देणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत २,००० ते ४,००० डॉलरची देणाऱ्यांमध्ये घटस्फोटाचा धोका सुमारे १.३ पट निघाला. महागड्या लग्नांचंही साधारण तसंच. अंगठीमुळे संसार मोडतो असा याचा अर्थ नाही. ऐपतीपलीकडचा खर्च आणि त्यामागून येणारा कर्जाचा ताण हे एक संभाव्य कारण. दिखाव्याची हौस असलेली माणसंच मुळात वेगळी असतील, हे दुसरं. मला पहिलं जास्त पटतं.

याच पाहणीत एक उलटी गोष्टही दिसली: लग्नाला पाहुणे जितके जास्त, तितका घटस्फोटाचा धोका कमी. खर्च कमी आणि माणसं जास्त, हे गणित पूर्वी पत्रावळीवरचा मसालेभात, जिलबी आणि वाढायला कंबर कसून उभे राहिलेले भाऊबंद यांच्या जोरावर सुटायचं. आता केटरर ताटामागे दर सांगतो.