वाशिष्ठीचा गाळ आणि खाडीतलं मीठ

२२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणकरांनी वाशिष्ठीतला गाळ काढण्याची मागणी लावून धरली. मागणी रास्तच आहे. पण ‘एकदा नदी साफ केली की कायमचं सुटलो’ हा समज चुकीचा आहे.

सह्याद्रीच्या कड्यावरून निघालेली ही नदी झपाट्याने खाली उतरते आणि चिपळूणला पोचेपर्यंत तिचा उतार जवळजवळ संपतो. गोटे आणि वाळू तिथेच पडतात. बारीक माती मात्र पुढे जाते. वाटेत जगबुडीचं पाणी मिळतं आणि दाभोळ-अंजनवेलच्या मधून खाडी अरबी समुद्राला भिडते.

या मातीचा सर्वांत बारीक कण दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजारांश भागाएवढा धरू. स्थिर पाण्यात तो एक मीटर खाली जायला सुमारे तीन दिवस घेतो. भरती तर दर बारा तास पंचवीस मिनिटांनी येते. मग तो तळाशी बसतो कसा? चिकणमातीच्या कणांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर लोटतात. खाऱ्या पाण्यातले सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियमचे धन आयन कणांभोवती दाटी करतात आणि त्या भाराचा प्रभाव अगदी जवळच्या अंतरापुरता उरतो. आता आदळलेले कण चिकटतात, त्यांचे पुंजके होतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर होतं तेच. कण घट्ट असेल तर व्यास दहापट झाल्यावर बसण्याचा वेग शंभरपट होतो. पुंजका पोकळ असल्याने तेवढा होत नाही, तरी भरती-ओहोटीच्या मधल्या थबकलेल्या पाण्यात तो तळ गाठतो. खाजणं आणि कांदळवनाखालचा चिखल असाच साठत आला आहे.

पुरात नदीची ओटी भरली की पाणी उतरतं, असं मानणारे आजही भेटतात. पाणी उतरतं ते पाऊस ओसरल्यामुळे आणि ओहोटी लागल्यामुळे. २०२१ चा पूर पौर्णिमेच्या तोंडावर, उधाणाच्या दिवसांत आला होता.

वाशिष्ठीचं आणखी एक वेगळेपण आहे. कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजघरातून इकडे सोडलं जातं, म्हणून शेजारच्या नद्या आटतात त्या चैत्र-वैशाखातही ही वाहती असते. हे पाणी खारेपणाची सीमा खाली दाभोळकडे रेटतं. वीजनिर्मिती कमी झाली की ती पुन्हा चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या दिशेने वर सरकते. सीमेबरोबर चिखल बसण्याची जागाही बदलते. म्हणून गाळाचा आराखडा करताना नदीच्या खोलीबरोबर खाडीतला खारेपणाही ऋतूनुसार मोजायला हवा.