पातळी संवेदकाचे अंशशोधन
पातळी संवेदकाचे अंशशोधन : टाकी, विहीर वा जलाशयातील द्रवाची पातळी मोजणारा संवेदक आणि त्याला जोडलेला दर्शक यांची वाचने ज्ञात पातळीशी ताडून फरक नोंदण्याची प्रक्रिया. पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत तिला कॅलिब्रेशन असेच म्हणतात.

पाण्यात सोडलेला दाब-संवेदक वस्तुतः उंची मोजत नाही. तो घनता, गुरुत्वत्वरण व उंची यांचा गुणाकार मोजतो. म्हणून स्थळाला महत्त्व येते. १० मी. पाण्याचा दाब सामान्यतः ९८.०७ किलोपास्कल धरतात. त्यामागे १,००० किग्रॅ./घ.मी. घनता आणि ९.८०६६५ मी./से.² हे प्रमाण गुरुत्वत्वरण गृहीत असते. पुणे सुमारे १८.५° उत्तर अक्षांशावर व समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंच असल्याने तेथे गुरुत्वत्वरण ९.७८ च्या आसपास भरते. ३०° से. तापमानाला पाण्याची घनताही सु. ९९५.७ पर्यंत उतरते. परिणामी प्रत्यक्ष दाब ९७.४ किलोपास्कलच्या जवळपास येतो आणि प्रमाण मूल्यांवर लावलेला संवेदक १० मी. खोलीला सहा-सात सेंमी. पाणी कमी दाखवतो. खडकवासल्यासारख्या विस्तीर्ण जलाशयात हा फरक क्षुल्लक नाही. दुरुस्ती केलीच पाहिजे.

संवेदकाच्या केबलमधील हवेची बारीक नळी खुली असावी लागते. पावसाळ्यात ती ओलाव्याने बुजली, तर वातावरणीय दाबातील चढउतार पातळी म्हणून नोंदले जातात.

अंशशोधन द्रव भरून करावे की हातपंपाने दाब देऊन, याबाबत मतभेद आहेत. दुसरी पद्धत स्वच्छ व जलद असून दाब-संवेदकांना पुरेशी मानली जाते. धारितेवर (विद्युत् भार साठवण्याच्या क्षमतेवर) चालणाऱ्या संवेदकांसाठी मात्र प्रत्यक्ष द्रवच वापरणे अधिक ग्राह्य वाटते, कारण धारिता द्रवाच्या सापेक्ष विद्युत् पारक स्थिरांकावर अवलंबून असते आणि तो पाण्याचा सु. ८०, तर खनिज तेलाचा २ च्या आसपास असतो.

संवेदकाकडून दर्शकाकडे जाणाऱ्या, १९५० च्या दशकापासून हळूहळू रुळलेल्या ४ ते २० मिलिअँपिअर विद्युत् प्रवाहाच्या संकेतात शून्य पातळीला ४ येतात, त्यामुळे तुटलेली तार (प्रवाह शून्य) लगेच ओळखू येते. पातळी ०, २५, ५०, ७५ व १०० टक्के असता ४, ८, १२, १६ व २० मिलिअँपिअर मिळायला हवेत. वाचने चढत्या व उतरत्या अशा दोन्ही क्रमांनी घेतात आणि जुळवणीचा स्क्रू फिरवण्यापूर्वीची वाचने आधी लिहून ठेवतात. संवेदक व दर्शक वेगवेगळे तपासले, तरी अखेरीस दोन्ही जोडून पुन्हा पाहणे श्रेयस्कर.

श्राव्यातीत ध्वनीवर चालणाऱ्या (अल्ट्रासॉनिक) संवेदकात हवेच्या तापमानाची दुरुस्ती लागते. दर अंश सेल्सिअसला ध्वनिवेग सु. ०.६ मी./से. ने वाढतो. रडार संवेदकाला ती जवळजवळ लागत नाही.