स्नायुसंवेदन आणि हावभाव-संवाद

स्नायू आकुंचन पावताना निर्माण होणारे विद्युत संकेत किंवा कंपने त्वचेवरून टिपून त्यांच्या आधारे संगणक, वाद्य किंवा एखादे उपकरण चालवण्याची पद्धत.

मूठ नुसती मिटली आणि तीच मूठ नखे तळव्यात रुतेपर्यंत आवळली, तर कॅमेऱ्याला दोन्ही वेळा जवळजवळ एकच आकृती दिसते. कोपराखालच्या स्नायूंमधला फरक मात्र प्रचंड असतो. हावभावातला जोर, आवेग, रोखून धरलेली ताकद हे सारे या फरकातच असते. म्हणून स्नायुसंवेदनाकडे केवळ ‘हाताने बटण दाबण्याचा नवा मार्ग’ म्हणून पाहणे अपुरे आहे.

मोजणीचे मार्ग मुख्यतः दोन. ईएमजीमध्ये (इलेक्ट्रोमायोग्राफी) त्वचेवरचे इलेक्ट्रोड स्नायूंतली विद्युत हालचाल टिपतात. हा संकेत फार क्षीण, सहसा मिलिव्होल्टच्या अंशाएवढा असतो आणि साधारण २० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात येतो. घरगुती विजेची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण नेमकी याच पट्ट्यात मिसळते, ती गाळावी लागते. प्रत्यक्ष हालचाल दिसण्याच्या किंचित आधी हा संकेत उमटतो. एमएमजीमध्ये (मेकॅनोमायोग्राफी) स्नायूंची यांत्रिक कंपने मोजतात. त्यासाठी छोटा मायक्रोफोनही पुरतो.

या पद्धतीचा अभिव्यक्तीसाठी कस लागला तो संगीतात. बेंजामिन नॅप आणि ह्यू लस्टेड यांच्या ‘बायोम्यूज’ या उपकरणावर संगीतकार अताऊ तानाका १९९० च्या दशकापासून वादन करत आले, कलाकार मार्को डोनारुम्मा यांचे ‘एक्स्थ सेन्स’ हे वाद्य स्नायूंच्या कंपनांवर चालते. संशोधक बाप्तिस्त कारामियो यांच्यासह तानाका आणि डोनारुम्मा यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच हावभावात जोर कमीअधिक कसा करता येतो, हे ईएमजी आणि एमएमजी एकत्र वापरून तपासले.

असे उपकरण घडवणाऱ्याची खरी कसोटी इथून पुढे लागते. कच्चा संकेत सतत थरथरतो. तो जास्त गुळगुळीत केला की प्रतिसाद रेंगाळतो आणि वादकाला वाद्य हातातून निसटल्यासारखे वाटते. शिवाय हात हवेत स्थिर असताना ताण किती आहे, हे वापरणाऱ्याला डोळ्यांनी दिसत नाही. आवाज, प्रकाश किंवा कंपन यांतून तो त्याला लगेच परत कळवावा लागतो. हातावरचा इलेक्ट्रोडचा पट्टा जरासा सरकला, घाम आला किंवा स्नायू थकले, तरी त्याच ताकदीचे आकडे बदलतात. त्यामुळे दर वेळी हात सैल सोडून आणि मग पूर्ण जोर लावून त्या व्यक्तीची कमाल-किमान मर्यादा नव्याने नोंदवतात.