विप्रोने दिले की प्रेमजींनी?

एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीने माणसं कमी केल्याची बातमी आली, की जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ठरलेलं भांडण पेटतं. कोणीतरी लिहितो, ‘पोरांना घरी बसवायचं आणि दानाच्या बातम्या छापून आणायच्या!’ लगेच दुसरा उसळतो, ‘अरे भो, प्रेमजींनी पन्नास हजार कोटी दिले. तू काय दिलंस?’ मग टॅक्सवाले येतात: ‘ते सगळं कर वाचवायला असतं.’ शेवटी एखादे अमळनेरचे काका, ज्यांच्या घरी वडिलांच्या वेळचे विप्रोचे शेअर आहेत, ते ठणकावतात, ‘आमच्या डिव्हिडंडमधूनच देतात ना ते!’

चुकतं सगळ्यांचंच, आणि एकाच जागी चुकतं. कंपनीचा सीएसआर (सामाजिक कामांवर कंपनीने करायचा खर्च) आणि मालकाचं दान या दोन गोष्टी एकच आहेत असं धरून ही सगळी जुंपलेली असतात. निदान अमळनेरात तरी हा घोळ होऊ नये. १९४५ साली महंमद हाशम प्रेमजींनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली ती याच गावात. सनफ्लॉवर वनस्पती तूप आणि ७८७ साबण विकणारी ही कंपनी पुढे कॉम्प्युटरकडे वळली आणि विप्रो झाली. ज्यांच्या दानावरून भांडण आहे ते अझीम प्रेमजी म्हणजे महंमद हाशम यांचे चिरंजीव. तेव्हा ज्यांनी शेअर घेतले आणि विकायची घाई केली नाही, त्यांची घरं बदलली. एवढे भागधारक असलेल्या गावाला भागधारकाचा पैसा कुठला आणि मालकाचा कुठला, हे समजायला हवं की नको?

सीएसआर म्हणजे काय हे आता सरपंचांनाही पाठ आहे, म्हणून उरकून टाकतो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, १ एप्रिल २०१४ पासून लागू. आधीच्या वर्षी कंपनीची नेटवर्थ (मालमत्ता वजा देणी) ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये. यातली एक जरी पायरी गाठली, तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के कायद्याच्या सातव्या अनुसूचीतल्या कामांवर खर्च करायचे. शिक्षण, आरोग्य, पाणी, पर्यावरण वगैरे. खर्च झाला नाही, तर २०२१ पासून ते पैसे ठरलेल्या निधीत भरावे लागतात, नाहीतर दंड. मॅरेथॉनचे टी-शर्ट, गणपती मंडळाच्या कमानीवरची जाहिरात, फक्त आपल्याच कामगारांसाठी केलेली सोय, यातलं काही सीएसआरमध्ये धरत नाहीत. पीएम केअर्सला दिलेले पैसे धरतात, मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेले धरत नाहीत. झालं.

आता फरक विचारला की शिकलेली माणसंसुद्धा एकच उत्तर देतात: सीएसआर सक्तीचा, दान खुशीचं. खोटं नाही, पण या उत्तराने काही सुटत नाही. समजा, कंपनीने २ टक्क्यांच्या वर आपल्या मर्जीने आणखी पैसे दिले. आता सक्ती नाही. मग ते मालकाचं दान झालं का? नाही झालं. त्याच कायद्याचं कलम १८१ वाचा. संचालक मंडळाला धर्मादाय निधीला पैसे देता येतात, पण एका वर्षातली रक्कम मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्क्यांवर जाणार असेल, तर आधी भागधारकांच्या सभेची परवानगी लागते. भागधारकांना का विचारायचं? कारण जाणाऱ्या पैशात त्यांचाही वाटा आहे. सक्तीने जावो की खुशीने, तो वाटा बदलत नाही.

चार भावांचं सामाईक खळं असतं. वाटण्या व्हायच्या आधी थोरल्याने राशीतून पायलीभर ज्वारी देवळाला घातली, तर ती चौघांची गेली, पावतीवर नाव थोरल्याचं असलं तरी. वाटण्या झाल्यावर त्याने स्वतःच्या पोत्यांतली गाडीभर ज्वारी दिली, तर बाकी तिघांचा दाणाही गेला नाही. कंपनीने दिलेला पैसा वाटणीआधीचा. प्रेमजींनी दिलेला वाटणीनंतरचा.

म्हणजे अमळनेरचे काका नेमकं उलटं बोलतात. कंपनीने शेअरमागे रुपया डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, जाहीर केला, तर काकांच्या शेअरला रुपया आणि प्रेमजींच्या शेअरलाही रुपयाच. प्रेमजींनी आपला रुपया शाळेला दिला की तिजोरीत ठेवला, काकांच्या रुपयाला धक्का लागत नाही. काकांच्या हिश्श्यातून खरंच काही जात असेल, तर ते सीएसआरमधून जातं. आणि त्याबद्दल मात्र काका कधी अवाक्षर काढत नाहीत! वार्षिक अहवालात सीएसआरचं परिशिष्ट असतं, कुठल्या प्रकल्पावर किती खर्च झाला ते त्यात लिहिलेलं असतं. भागधारकाने जाब विचारायची जागा ती आहे. पण अहवाल उघडतो कोण?

१ एप्रिल २०२० ला करोनासाठी १,१२५ कोटी रुपये जाहीर झाले आणि ‘विप्रोने ११२५ कोटी दिले’ असा मजकूर सगळीकडे फिरला. त्याची फोड निवेदनातच होती: विप्रो लिमिटेड १०० कोटी, विप्रो एंटरप्रायझेस (साबण-दिव्यांची वेगळी कंपनी) २५ कोटी, अझीम प्रेमजी फाउंडेशन (प्रेमजींच्या दानावर चालणारी धर्मादाय संस्था) १,००० कोटी. म्हणजे ज्या कंपनीत काकांचे शेअर, तिचे फक्त १०० कोटी. हे १०० कोटी नेहमीच्या सीएसआर खर्चाशिवाय वेगळे दिलेले होते, असंही निवेदनात म्हटलं होतं. म्हणजे सक्तीचे नव्हते. तरीही होते ते राशीतलेच, सगळ्या भागधारकांचे. आणि फाउंडेशनच्या १,००० कोटींशी काकांचा काडीचा संबंध नाही. ना खर्चात, ना पुण्यात.

त्याच सुमारास दुसरा एक मेसेज सुटला: ‘प्रेमजींनी करोनासाठी ५०,००० कोटी दिले.’ याने माझं डोकं जास्त उठतं, कारण हा अजून मेलेला नाही. तो आकडा मार्च २०१९ चा आहे, करोनाच्या वर्षभर आधीचा. विप्रोच्या ३४ टक्के शेअरांपासून मिळणारा आर्थिक लाभ प्रेमजींनी कायमचा सोडला आणि तो फाउंडेशनच्या कामाला लावला. त्या शेअरांचा त्या वेळचा बाजारभाव सुमारे ५२,७५० कोटी. आधीचं धरून ६७ टक्के शेअरांचा लाभ, म्हणजे एकूण सुमारे १,४५,००० कोटींचा ठेवा. कोणी कोणाला ५२,७५० कोटींचा चेक फाडलेला नाही. दिलं आहे ते उत्पन्न: या शेअरांवर येणारा डिव्हिडंड, कंपनीने शेअर परत विकत घेतले की त्यातून येणारी रक्कम. शेअरचा भाव खाली आला की हा ठेवाही आकसतो, वर गेला की फुगतो. ‘एवढ्या पैशात खान्देशातल्या प्रत्येक तालुक्याला किती आले असते’ हा हिशेब मांडणाऱ्यांनी आधी एवढं समजून घ्यावं.

आणखी एक बारकावा आहे, आणि तो प्रेमजींच्या भक्तांना आवडत नाही. सोडला तो शेअरांचा लाभ. कंपनीवरचा ताबा नव्हे. मतदानाचा हक्क प्रवर्तकांच्या, म्हणजे प्रेमजींच्या बाजूच्याच, हातात राहिला. जुलै २०१९ मध्ये त्यांचे चिरंजीव रिशद प्रेमजी कंपनीचे अध्यक्ष झाले. यात लपवाछपवी काही नाही, सगळं जाहीर आहे. पण ‘कंपनीच दान करून टाकली’ असं जे लिहितात ते चूक लिहितात. शिवाय या व्यवस्थेमुळे ‘दानाचा आणि कंपनीच्या धंद्याचा काही संबंध नाही’ हेही म्हणता येत नाही. कंपनीच्या नफ्याचा सगळ्यात मोठा वाटा ज्या धर्मादाय संस्थेकडे जातो, तिचं कामच त्या नफ्यावर चालतं. हिंजवडीत बसलेल्या पारोळ्याच्या पोराला या तिमाहीत पगारवाढ मिळाली नाही, तर वाचलेल्या पैशातला काही भाग शेवटी कुठल्यातरी शाळेपर्यंत पोचतो, असा हिशेब कोणी मांडला तर त्याला मूर्खात काढता येणार नाही. वाद घालायचाच असेल, तर इथे घाला. हा खरा वाद आहे. पगार, कपात, नोटीस यांचा जाब मात्र कंपनीच्या व्यवस्थापनालाच विचारायचा. फाउंडेशनचं नाव घेऊन त्याची फिटंफाट होत नाही आणि कपातीमुळे दानही खोटं ठरत नाही.

हा घोळ आपल्याकडे मुरला कसा, याचा मला एक अंदाज आहे. अमळनेरला प्रताप मिल होती आणि प्रताप शेठजी होते. १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं ते शेठजींमुळे. साने गुरुजी शिकवायला होते ती शाळाही प्रताप हायस्कूल. मिल शेठजींची, देणगी शेठजींची, नावही शेठजींचं. मिलच्या गल्ल्यातून किती आणि शेठजींच्या खिशातून किती, असं विचारायची गावाला गरज वाटली नाही. हजारो भागधारक असलेल्या आजच्या कंपनीलाही आपण तोच चष्मा लावतो. देणारा कोणीतरी ‘शेठ’ असलाच पाहिजे!

बाकीच्या कंपन्यांचं पटापट सांगतो. इन्फोसिस फाउंडेशन १९९६ पासून आहे आणि ते कंपनीचं आहे. सुधा मूर्ती २०२१ अखेरपर्यंत त्याच्या अध्यक्ष होत्या, म्हणून ‘सुधाताईंनी शाळा बांधून दिली’ असं लोक सर्रास म्हणतात. बांधली ती इन्फोसिसच्या भागधारकांच्या पैशातून. त्यांचं श्रम आणि लक्ष याचं श्रेय त्यांना जरूर द्या, पैशाचं कंपनीला द्या. याउलट २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन निलेकणींनी आयआयटी मुंबईला दिलेले ३१५ कोटी त्यांचे स्वतःचे. इन्फोसिसचा त्यात रुपया नाही. एचसीएल फाउंडेशन कंपनीचं, शिव नाडर फाउंडेशन मालकाचं. मायक्रोसॉफ्ट आणि गेट्स फाउंडेशनचंही तसंच.

टाटांचं गणित तिसरंच आहे आणि त्यावर सर्वांत जास्त थापा खपतात. ‘टाटांच्या कमाईतले ६६ टक्के दानाला जातात’ हे साफ चूक. टाटा सन्स या मूळ कंपनीचे सुमारे ६६ टक्के शेअर टाटांच्या ट्रस्टांकडे आहेत. टीसीएसला (टाटांच्या सॉफ्टवेअर कंपनीला) नफा झाला, त्यातला काही भाग डिव्हिडंड म्हणून वाटला गेला, त्यातले ७२ टक्क्यांच्या आसपास टाटा सन्सकडे गेले. टाटा सन्सने स्वतःचे खर्च आणि गुंतवणुका भागवून त्यातून जो डिव्हिडंड दिला, त्यातले ६६ टक्के ट्रस्टांना. प्रत्येक पायरीवर रक्कम घटते. आणि टीसीएसचा स्वतःचा सीएसआर याच्याहून पूर्ण वेगळा.

आता टॅक्सवाले. माणसाने दिलेल्या देणगीवर आयकराच्या ८०जीखाली सवलत मिळते ती करपात्र उत्पन्नातून वजावट, करातून नव्हे. १०० रुपये दिले, पूर्ण वजावट मिळाली आणि दर ३० टक्के असला, तर वाचले ३०, खिशातून गेले ७०. बहुतेक संस्थांच्या बाबतीत तर निम्मीच रक्कम वजा होते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही. कंपनीला सीएसआरचा पैसा धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, हे २०१४ मध्येच कायद्यात लिहून ठेवलं आहे. दान करून कोणी नफ्यात येत नाही. ज्याला हे पटत नाही त्याने एकदा करून बघावं.

हे सगळं नुसतं वादापुरतं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेला स्वच्छतागृह हवं म्हणून आपली मंडळं अर्ज करतात, आणि निम्मे अर्ज चुकीच्या दारात पडतात. कंपनीकडे मागताना कायदा तुमच्या बाजूने थोडा तरी झुकलेला आहे: ती जिथे काम करते त्या भागाला तिने प्राधान्य द्यावं असं कलम १३५ सांगतं. म्हणून आधी तालुक्यात कारखाना कोणाचा आहे ते बघा. सॉफ्टवेअर कंपन्यांचा ‘आपला भाग’ बेंगळुरू, पुणे, हैदराबाद इथे पडतो. नंदुरबारवाल्यांनी जिल्हा केंद्र सरकारच्या आकांक्षित (विकासात मागे पडलेल्या) जिल्ह्यांच्या यादीत आहे हे अर्जात ठळक लिहावं. संस्थेकडे आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी, सीएसआरचे पैसे घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी आणि तीन वर्षांचं काम दाखवता आलं पाहिजे. मागच्या दिवाळीत स्थापन झालेल्या मंडळाने वेळ घालवू नये.

मालकाच्या फाउंडेशनवर मात्र असं कुठलंही बंधन नाही. कुठल्या राज्यात, कुठल्या कामाला द्यायचं ते तेच ठरवतात. ‘प्रेमजी आमच्या गावचे’ हे वाक्य तिथे हक्क म्हणून चालत नाही.

आणि अमळनेरकरांसाठी खास: गावातला कारखाना आज शेअरबाजारातल्या विप्रो लिमिटेडचा नाही. २०१३ मध्ये साबण, दिवे वगैरेंचा धंदा वेगळा काढून विप्रो एंटरप्रायझेसकडे गेला, कारखाना त्यातच गेला. काकांचे शेअर एका कंपनीत, गावाचा भोंगा दुसऱ्या कंपनीचा आणि देणगी तिसऱ्याच संस्थेची. अर्जावर नुसतं ‘विप्रो’ लिहू नका, यातलं नेमकं कोण ते पूर्ण नावानिशी लिहा.